बाहेर पडायला किती पडतं? समूहवाद आणि व्यक्तिवाद, सोप्या भाषेत

आपल्याकडे सगळे एकमेकांना धरून असतात, तिकडे अमेरिकेत पोरगं अठराचं झालं की घराबाहेर, असं काहीतरी कुठल्याही फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरत असतं आणि त्याखाली लगेच हात जोडलेल्यांची रांग लागते. ह्याचंच जाड पुस्तकी रूप म्हणजे समूहवाद विरुद्ध व्यक्तिवाद.

आधी अर्थ बघू. निर्णय कोणाचा, इज्जत कोणाची, नफा-तोटा कोणाचा, ह्याचं माप जिथे घर, गाव, जात, समाज असं काहीतरी मोठं असतं तो समूहवाद, आणि जिथे ते माप एकटा माणूस असतो तो व्यक्तिवाद. एवढंच. स्वार्थी माणूस म्हणजे व्यक्तिवादी आणि प्रेमळ माणूस म्हणजे समूहवादी ही गल्लत फार होते. एकत्र कुटुंबात पण एक नंबरचे स्वार्थी लोक असतात (भाऊबंदकीचे दावे काय शेजारी लढतात का?) आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस रात्री दोनला रक्त द्यायला धावत जातो.

मला विचाराल तर ह्या सगळ्यात कामाचा प्रश्न एकच. त्या समूहात राहायचं नसेल तर बाहेर पडायला किती पडतं, आणि ती किंमत भरायला मदत कोण करतं? पुढचं सगळं ह्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

पण त्याआधी पूर्व विरुद्ध पश्चिम हे प्रकरण संपवून टाकू. गीर्ट हॉफस्टेड नावाचा एक डच संशोधक होता, त्याने साठ-सत्तरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून देशादेशांचे व्यक्तिवादाचे आकडे काढले आणि १९८० मध्ये पुस्तक केलं. अमेरिकेला मिळाले ९१. भारत किती असेल? ४८. म्हणजे साधारण मध्यावर, आणि जपानच्या ४६ पेक्षा दोनने जास्तच. आता आयबीएममध्ये नोकरी करणारे लोक म्हणजे देश नव्हे, त्यामुळे ह्या आकड्यांवर फार उड्या मारायच्या नाहीत, पण ‘आपण म्हणजे समूहवादाचा कळस’ हे तरी त्यातून निघत नाही.

दुसरी एक थिअरी २०१४ मध्ये ‘सायन्स’ ह्या जर्नलमध्ये आली, भात आणि गव्हाची. चीनमध्ये जिथे भात पिकतो तिथली माणसं जास्त समूहाने विचार करतात आणि जिथे गहू तिथली कमी, कारण भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला एकमेकांच्या शेतात राबावं लागतं. वाचायला एकदम पटतं. मग मी मनातल्या मनात ती कोकणाला लावून बघितली, सगळा भातच भात, आणि डोळ्यांसमोर आले ते एका फणसाच्या झाडावरून तीन पिढ्या कोर्टात जाणारे चुलत भाऊ. असो.

आता गोष्टींकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. कादंबरी हा प्रकारच मुळात एका माणसाच्या डोक्यात शिरायचा आहे. पोथीत, पुराणात राजा असतो, भक्त असतो, सती असते, म्हणजे ज्याला त्याला जागा ठरवून दिलेली असते. कादंबरीत ‘मला काय वाटलं’ हे सांगणारं कोणीतरी असतं. मराठीत हे पहिल्यांदा जबरदस्त ताकदीने झालं ते हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मध्ये. १८९० पासून ‘करमणूक’ ह्या साप्ताहिकातून ती क्रमशः आली, १८९३ मध्ये पुस्तक झालं, आणि ‘मी’ म्हणून बोलते कोण तर यमू, पुण्यातल्या सनातनी घरातली मुलगी. त्या काळात तिला ‘मी’ म्हणायला लावणं हीच मोठी गोष्ट होती.

यमूचं आयुष्य बघा. माहेरी-सासरी माणसंच माणसं, आणि नवऱ्याशी मोकळं बोलायची पण चोरी. मग नवरा तिला मुंबईला नेतो. तिथे घर लहान, आजूबाजूला सुधारक विचारांची मित्रमंडळी, त्यांच्या बायका शिकलेल्या, आणि पहिल्यांदाच तिला वाचायला, बोलायला, स्वतःचं मत असायला मोकळीक मिळते. मुंबईत ती एकटी नाहीये हे लक्षात घ्या. तिथेही गोतावळा आहेच, फक्त तो जन्माने चिकटलेला नाही, विचार जुळून जमलेला आहे. मग नवरा जातो आणि ती परत त्या जुन्या घराच्या तावडीत सापडते. शंकरमामंजी नावाचं पात्र आहे, स्वतःचं वागणं सगळ्यांना माहीत असलेला माणूस, पण घराण्याच्या अब्रूचा ठेका त्याच्याकडे, आणि तिची इच्छा नसताना जबरदस्तीने तिचं केशवपन होतं.

तिने घर सोडायचं म्हटलं असतं तर? कुठे जाणार होती? विधवेचा हक्क म्हणजे अन्नवस्त्र. नवऱ्याच्या मिळकतीत थोडाफार वाटा द्यायचा कायदा यायला १९३७ उजाडलं, आणि तोही तिच्या हयातीपुरताच होता. पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. म्हणजे यमूच्या दाराला कुलूप कोणी लावलं नव्हतं, पण दाराबाहेर जमीनच नव्हती.

आणि गंमत म्हणजे ही कादंबरी यायच्या दोन-चार वर्षं आधीच मुंबईत एक बाई खरोखर बाहेर पडली होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं, मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने, मग अपील, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंगात जाते. ‘केसरी’ तिच्या विरोधात तुटून पडला होता. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन आली आणि पुढे सुरतेत बरीच वर्षं दवाखाना चालवला.

आता ही गोष्ट कशी सांगितली जाते? एकटी बाई समाजाशी लढली. खरंय, हिंमत तिचीच. पण दोन हजार रुपये हा तेव्हा लहान आकडा नव्हता, तिच्या मदतीसाठी कमिटी उभी राहिली होती, वर्गणी जमली होती, वकील होते, पेपरात बाजू मांडणारे होते, शिक्षणाला पैसे देणारे होते. एका समूहातून बाहेर पडायला तिला दुसरा समूह लागला. यमूकडे तो मुंबईत होता, पुण्यात नव्हता, आणि दोघींच्या नशिबातला निम्मा फरक माझ्या मते इथेच आहे.

ह्याच्या एकदम दुसऱ्या टोकाला रशिया. येवगेनी झाम्यातिन नावाच्या लेखकाने १९२०-२१ मध्ये ‘वुई’ नावाची कादंबरी लिहिली, त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि घरांच्या भिंती काचेच्या, पडदे ओढायला कूपन लागतं. (गिरगावातल्या जुन्या चाळीत भिंती काचेच्या नव्हत्या पण आतलं भांडण तिसऱ्या खोलीत तोंडपाठ असायचं, कूपनाची सोय तर अजिबातच नव्हती.) ही कादंबरी आधी १९२४ मध्ये इंग्रजीत न्यूयॉर्कला छापली गेली आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं. त्याच रशियातून १९२६ मध्ये एक तरुण मुलगी अमेरिकेला गेली, तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान क्रांतीत जप्त झालेलं. तीच आयन रँड. १९४३ ची तिची ‘फाउंटनहेड’ आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरच्या हॉस्टेलात अजून हातोहात फिरते आणि वाचून झाल्यावर पोरं दोन महिने कोणाचं ऐकत नाहीत. तिचा हिरो आर्किटेक्ट आहे, त्याचं डिझाइन बदललं म्हणून तो अख्खं बांधकाम सुरुंग लावून उडवतो. रँडचा राग कुठून आला ते कळतं, बापाचं दुकान ‘सर्वांच्या भल्यासाठी’ गेलेलं बघितलेली मुलगी आणखी काय लिहिणार, पण एक गोष्ट मला कायम खटकते. ते बांधकाम गरिबांच्या घरांचं होतं, आणि तिथे राहायला येणाऱ्यांना काय वाटलं हे एवढ्या जाडजूड पुस्तकात कोणी धड विचारत नाही.

आणि हीच अमेरिका, ९१ मार्कांवाली, १९३९ मध्ये जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ डोक्यावर घेत होती, ज्यात दुष्काळाने आणि बँकेने जमिनीवरून हुसकलेली कुटुंबं रस्त्याच्या कडेला एकत्र येतात आणि ‘माझी जमीन गेली’चं ‘आपली जमीन गेली’ होतं. तेव्हा देशाला एक लेबल चिकटवून मोकळं होता येत नाही.

परत घरी येऊ. समूहाची चांगली बाजू बघायची तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचावी, १९५५ ची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे एक पोरसवदा मास्तर येतो, कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय वाडीत पान हलत नाही. मास्तर बाहेरचा, पण हळूहळू वाडी त्याला आत घेते, आणि सगळे मिळून तालीम बांधतात, ज्याच्याकडे पैसा नाही तो अंगमेहनत देतो. असं काम एकट्यादुकट्याने होत नाही. पण शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते, मेंढरं घेऊन लोक पांगतात. ती एकी खोटी होती असं नाही, पण पाऊसच नसेल तर कारभाऱ्याचा शब्द काय करणार? समूह एकमेकांना सांभाळतो ते त्यातल्या कोणाकडे तरी काहीतरी शिल्लक असेपर्यंत. सगळेच एकदम बुडाले की बाहेरून कोणीतरी लागतं.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल (१९६३) सगळे म्हणतात की मराठीतला पहिला खरा एकटा माणूस म्हणजे पांडुरंग सांगवीकर. असेल. पण त्याचं पुण्यातलं सगळं एकटेपण वडिलांच्या पैशांवर चाललेलं असतं, आणि सगळीकडे फेल होऊन तो परत कुठे येतो? सांगवीलाच. मला ती कादंबरी आवडते ते ह्याच खरेपणासाठी, बंडाचं बिल कोण भरतंय हे ती लपवत नाही.

पण घर नावाचा समूह आतून कसा चालतो हे बघायचं तर माझं मत महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला. १९८५ मध्ये आलेलं नाटक. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, थोरले तात्याजी वारलेत, आणि तेरवीचा खर्च इतमामाला शोभेल असाच करायचाय, पण पैसा नाहीये. अंगणात एक ट्रॅक्टर बंद पडून गंजतोय. थोरला भास्कर वाड्यातच, मधला सुधीर मुंबईहून आलाय, शिकायचं राहून गेलेली आणि लग्न न झालेली बहीण प्रभा, आणि धाकटा चंदू.

चंदूकडे नीट बघा. नाटकभर तो काही ना काही करत असतो, घरात पडेल ते काम त्याचं, आणि चर्चेला सगळे बसतात तेव्हा त्याचं मत कोणी विचारत नाही. हाक मात्र सतत त्यालाच. ‘वाडा सगळ्यांचा’ हे वाक्य भास्करच्या तोंडी वेगळं असतं आणि चंदूसाठी वेगळं. सुधीरचा मुंबईत स्वतःचा पगार आहे म्हणून त्याचं ऐकून घ्यावं लागतं. रंजू, भास्करची मुलगी, घरातले दागिने घेऊन मास्तराबरोबर मुंबईला पळते, म्हणजे बाहेर पडायचा तिचा रस्ता पण घरच्याच सोन्याने बांधलेला. प्रभाला आणि चंदूला तर तेवढंही नाही. एकत्र कुटुंबाचं कौतुक ऐकलं की मी आधी विचारतो की त्यात चंदू कोण होता, आणि बहुतेक घरांत उत्तर पटकन मिळतं. एखादी आत्या, एखादे बिनलग्नाचे काका. फोटोत कडेला उभे असतात.

आता गोष्टींतून कायद्यात येऊ, कारण हाच वाद तिथे जास्त स्पष्ट लिहिलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेत मांडला तेव्हा टीका होत होती की ह्यात गाव कुठंय, भारताचा पाया तर गाव. बाबासाहेबांनी उलट सांगितलं की मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हे एकक धरलं ह्याचा मला आनंद आहे. गावाबद्दल ते जे बोलले ते फार कडक होतं, आणि का नसावं, गावाच्या एकीची किंमत गावकुसाबाहेर राहून कोणी भरली हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पुढे गांधीवाद्यांच्या आग्रहाने ग्रामपंचायतींचं कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांत आलं, म्हणजे गाव संविधानात आहे, पण हक्क सुरू होतात ते माणसापासून.

वाटतं तेवढं हे सरळ मात्र नाही, कारण धर्म-पंथांना पण स्वतःचा कारभार बघायचा हक्क संविधानाने दिलाय. मग पंथाने एखाद्याला बाहेर काढलं तर? मुंबई सरकारने १९४९ मध्ये असं बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. पंथाला आपल्या माणसाला बाहेर काढायचा अधिकार आहे म्हणून. इथे किंमत उलटी मोजायची, बाहेर पडायची नाही, बाहेर काढलं जाण्याची: दफनभूमी बंद, नात्यातली लग्नं बंद, कधीकधी आईबापाचं दार बंद. महाराष्ट्राने पुन्हा २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जात पंचायतींनी वाळीत टाकण्याची प्रकरणं, विशेषतः रायगडकडची, खूप गाजल्यावर, आणि तो २०१७ पासून लागू आहे. जुना प्रश्न मात्र मिटलेला नाही, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे पाठवला.

पण कायद्याने माणसाला व्यक्ती केलं तरी माणूस तसा वागतो का? ह्यासाठी एकदा दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, म्हणजे जमीन-घराचे कागद रजिस्टर होतात तिथे, जाऊन बसा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, केंद्राने २००५ मध्ये. आणि तिथे बाकावर हमखास एखादी पन्नाशीची ताई दिसेल, चांगली साडी नेसून आलेली, भाऊ फाइल घेऊन शेजारी, वहिनी पाण्याची बाटली घेऊन मागे. नंबर आला की ताईने स्कॅनरवर अंगठा ठेवायचा, वेबकॅमकडे बघायचं, दोन ओळखीचे साक्षीदार सह्या करतात. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याचा कागद. त्यात लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला. मग तलाठ्याकडे फेरफार आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना जेवायला घेऊन जातो.

शहरातली शिकलेली मंडळी म्हणतात की ह्या बायकांना हक्क कळत नाहीत. चांगले कळतात हो. ताईचा हिशोब असा आहे की उद्या नवऱ्याला काही झालं, सासरी भांडण झालं, पोराच्या लग्नात मामा उभा राहायला हवा, दिवाळीला कुठेतरी जायला हवं, तर त्यासाठी माहेरचं दार उघडं पाहिजे, आणि हिस्सा मागितला की ते बंद होतं. सरकार तिला हिस्सा देतं पण रात्री अकरा वाजता जायची जागा देत नाही. म्हणून ती आपला हिस्सा देऊन ती जागा राखून ठेवते. मला हे बघून चीड येते, पण ती ताईवर नाही, कारण तिच्याकडे दुसरी जागा असती तर तिने काय केलं असतं हे आपल्याला कळतच नाही. आणि भाऊही हे पक्कं ओळखून असतो. ‘राजीखुशीने’ हा शब्द त्या कागदावर त्यामुळे खराही असतो आणि खोटाही.

शेवटचं उदाहरण सोसायटीचं, कारण मुंबई-ठाणे-पुण्यातल्या अर्ध्या लोकांना समूहवाद इथेच भेटतो. फ्लॅट माझा, कर्ज माझं, दाराला माझी पाटी, ह्याहून जास्त व्यक्तिवादी काय असेल? पण जमीन आणि बिल्डिंग बघायला गेलं तर संस्थेची, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची. २०१९ च्या सरकारी निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के हो म्हणाले की रिडेव्हलपमेंटचा ठराव पास. उरलेले ४९ टक्के कोर्टात गेले की बहुतेक वेळा त्यांच्यासमोर १९८५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल ठेवला जातो, पंजाबातल्या सहकारी संस्थांच्या प्रकरणातला, ज्याचं म्हणणं थोडक्यात असं की सहकारी संस्थेचा सभासद झालात की त्या संस्थेपुरतं तुमचं वेगळं व्यक्तित्व उरत नाही, कायदा आणि उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) देतील तेवढेच हक्क. संविधान व्यक्तीपासून सुरू होतं आणि सोसायटीच्या गेटच्या आत आलं की असं.

आणि तरी हे चुकीचं आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. पावसाळ्यात स्लॅबचे तुकडे पडतायत, वरच्या मजल्यावर लहान मुलं आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणतायत की मी ह्याच घरात मरणार, मला टॉवर नको. एका आजोबांसाठी चाळीस घरं थांबवायची का? नाही. पण मग जनरल बॉडीत त्यांचं बोलणं मध्येच तोडून कॉर्पस (बिल्डर देणार ते पैसे) आणि कार्पेट एरियावर उडी मारायची का? ते पण नाही. त्यांना तीन वर्षं भाड्याच्या घरात कोण नेणार, लिफ्ट असलेलं जवळपास मिळेल का, हॉस्पिटल लांब पडेल का, एवढं कमिटीने आधी बघितलं तर निम्मे विरोध तिथेच गळतात, असं मी तरी बघितलंय. नसेल पटत तर फ्लॅट विकून जायची मोकळीक आजोबांना आहेच, फक्त पाडायला काढलेल्या बिल्डिंगमध्ये, सह्यांवरून भांडण चालू असताना, त्या फ्लॅटला भाव काय येणार हे कुठल्याही एजंटला विचारा.